चांगुलपणाचा अहंकार

(दिंडीच्या शतकपूर्ती सोहळ्यात, काल्याच्या आदल्या संध्याकाळी कापूरहोळ येथे केलेल्या निरूपणाचा मजकूर)

दिंडीला शंभर वर्षं झाली. अशा वेळी गौरवाचे शब्द बोलायचे असतात, आणि ते बोलणारी मंडळी पुष्कळ आहेत. आम्ही मात्र गौरवाच्या मागून चोरपावलानं जो येतो, त्याच्याविषयी बोलणार आहोत. त्याचं नाव अहंकार. पैशाचा, ताकदीचा, खुर्चीचा अहंकार आपल्याला लांबून ओळखता येतो. आज विषय आहे चांगुलपणाच्या अहंकाराचा.

आता कुणी म्हणेल, महाराज, चांगुलपणा आणि अहंकार एका घरात राहतील कसे? आपल्या भोर-वेल्ह्याच्या भातखाचरात जाऊन बघा. भातात एक तण येतं, ते अगदी भातासारखंच दिसतं. तेच पान, तोच रंग, तीच उंची. नवखा माणूस बेणणीला उतरला तर भात उपटील आणि तण ठेवील. जाणत्या बाईला मात्र कांडं बघून, पान चाचपून कळतं. आणि गंमत अशी, की हे तण माळावर येत नाही. जिथं चिखलणी चांगली झाली, खत घातलं, पाणी बांधलं, तिथंच ते जोरात येतं. अहंकाराचंही तसंच आहे. ज्यानं आयुष्यात काही चांगलं केलंच नाही, त्याला चांगुलपणाचा अहंकार यायचा कुठून? ज्यानं नेम पाळला, दान केलं, वारी चुकवली नाही, त्याच्याच खाचरात हे तण उगवतं.

म्हणून आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ. 'मी' असणं हा दोष नाही. 'मला भूक लागली' असं म्हटल्याशिवाय लेकरू जगत नाही. 'हे माझं काम आहे' असं म्हटल्याशिवाय शेतकरी पहाटे उठून मोटार चालू करायला जात नाही. देहाला नाव आहे, नात्याला नाव आहे, कर्तव्याला नाव आहे, तोवर 'मी' लागणारच. हा 'मी' म्हणजे घराचा उंबरा. उंबरा हवा. पण उंबरा वाढवत वाढवत दाराएवढा केला तर आतला बाहेर जाणार नाही आणि बाहेरचा आत येणार नाही. त्या वाढलेल्या उंबऱ्याला अहंकार म्हणायचं. काम करतो तो 'मी' वेगळा आणि काम झाल्यावर वही काढून बसतो तो 'मी' वेगळा. पहिला आपला गडी आहे, दुसरा सावकार आहे. आणि हा सावकार पापाचा हिशेब फारसा ठेवत नाही, पुण्याचाच ठेवतो.

याचा दाखला द्यायला फार लांब जायला नको. आपली मंडळी कापूरहोळहून नारायणपूरवरून सासवडला जातात. सासवड म्हणजे सोपानकाकांची समाधी, माउलींच्या पालखीचा मुक्काम. त्याच वाटेवर, सासवडच्या अलीकडं, कऱ्हेच्या काठी चांगावटेश्वराचं जुनं देऊळ आहे. लोक त्याचा संबंध चांगदेवांशी जोडतात. तिकडं खानदेशात तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव नावाचं गावच आहे. म्हणजे या योग्याचं नाव महाराष्ट्राच्या दोन टोकांना आजही घेतलं जातं.

चांगदेवांची कथा तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. चौदाशे वर्षं काळाला चुकवलेला योगी. आळंदीच्या ज्ञानदेवांची कीर्ती त्यांच्या कानी आली. पत्र लिहायला बसले, आणि मायन्यालाच अडले. 'चिरंजीव' लिहावं तर समोरचा ज्ञानानं मोठा. 'तीर्थरूप' लिहावं तर तो वयानं लहान. शेवटी कोरा कागद पाठवून दिला. मंडळी, हसू नका. निमंत्रणपत्रिका छापताना कुणाचं नाव आधी, कुणाचं नंतर, 'प्रमुख उपस्थिती'त कोण आणि 'विशेष सहकार्य'मध्ये कोण, यावर रात्री बारापर्यंत बैठका चालतात, तेव्हा आपल्याही हातात चांगदेवांचाच कोरा कागद असतो. फरक इतकाच, की त्यांनी तो कोराच पाठवला. आपण त्यावर भांडण लिहून पाठवतो.

निवृत्तिनाथांच्या आज्ञेनं ज्ञानदेवांनी त्या कोऱ्या पत्राला उत्तर दिलं. पासष्ट ओव्यांचं. तीच 'चांगदेव पासष्टी'. तरीही चांगदेव आले ते वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक, मागं शिष्यांचा मेळा. इकडं ही चार भावंडं भिंतीवर बसलेली, आणि ती भिंतच त्यांना घेऊन सामोरी गेली, अशी कथा. आळंदीत ती भिंत आजही दाखवतात.

या कथेतला चमत्कार आपण रंगवून सांगतो, पण तिच्यातलं मर्म दोन ठिकाणी आहे. पहिलं असं, की चांगदेव भोंदू नव्हते. त्यांचा योग खरा होता, तपश्चर्या खरी होती. खोट्या माणसाला अहंकारापेक्षा भीती जास्त असते. आपण उघडे पडू, ही धास्ती त्याला झोपू देत नाही. अहंकार जडतो तो खऱ्या कमाईला. चांगदेवांची साधनाच त्यांच्या पायातली बेडी झाली होती. बेडी सोन्याची, म्हणून ती दागिना वाटत होती.

दुसरं मर्म असं, की चांगदेव खाली उतरले. त्यांचं गर्वहरण झालं एवढं सांगून आपण थांबतो. पण विचार करा. सगळे शिष्य बघताहेत, शेकडो वर्षांचा दबदबा आहे, आणि समोर चार पोरं बसलेली. अशा वेळी वाघाच्या पाठीवरून खाली उतरायला किती मोठं काळीज लागत असेल! आणि पुढं त्यांनी गुरू कुणाला केलं? विशीसुद्धा न गाठलेल्या मुक्ताईला. आज सत्तरीतला माणूस घरच्या सुनेचं बरोबर असलेलं म्हणणंही चारचौघांत मान्य करत नाही. चांगदेवांनी मुलीच्या वयाच्या मुक्ताईपुढं हात जोडले. म्हणून ते वाघावर बसले होते तेव्हापेक्षा उतरले तेव्हा मोठे झाले.

आता दुसरा दाखला. त्यासाठी तर गावाची वेससुद्धा ओलांडायला नको.

14 मे 1657 रोजी पुरंदर किल्ल्यावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईसाहेबांची प्रकृती नाजूक. बाळाला अंगावरचं दूध पुरेना. तेव्हा याच कापूरहोळच्या गाडे पाटलांच्या घरातली धाराऊ बाळराजांची दूधआई झाली. 5 सप्टेंबर 1659 रोजी सईबाई राजगडावर गेल्या, तेव्हा संभाजीराजे अवघे सव्वादोन वर्षांचे होते. पुढं धाराऊचे मुलगे अंतोजी आणि रायाजी संभाजीराजांच्या सोबतीला होते, असं इतिहास सांगतो.

माय-माउलींनो, ही गोष्ट तुम्हाला जास्त कळेल. दूध पाजणं म्हणजे काय? अन्नदान करणारा आपल्या कणगीतलं देतो. पैसे देणारा पेटीतले देतो. दूधआई देहातलं देते. आणि ते देताना पावती फाडता येत नाही. पाजलेलं दूध परत मागता येत नाही, त्यावर नाव कोरता येत नाही. लेकरू मोठं होतं, ते भोसल्यांचं म्हणून ओळखलं जातं, छत्रपती म्हणून सिंहासनावर बसतं. दूध कुठं दिसतं का? ते रक्तात मिसळून गेलेलं असतं. खरं सत्कर्म असं असतं. ते समोरच्याच्या अंगात मुरतं आणि करणाऱ्याचा हात मोकळा राहतो. जे काम केल्यावर आपल्याच हाताला चिकटून बसतं, ते अजून पुरतं दिलं गेलेलं नाही असं समजा.

इथं एक सावधगिरीची गोष्ट सांगतो. आपण सगळे छाती पुढं काढून म्हणतो, 'आम्ही धाराऊच्या गावचे.' म्हणावंच. पण दुसऱ्याच्या पुण्यावर आपला अहंकार पोसणं फार सोपं असतं, कारण त्यात आपल्याला काही द्यावं लागत नाही. दूध तिनं पाजलं, मिशीला पीळ आपण देतो. तिचं नाव घेताना एक प्रश्न स्वतःला विचारावा: आज आपल्या आळीत आईवेगळं पोर आहे का? असेल तर ते कुणाच्या घरी जेवतं? त्या प्रश्नाचं उत्तर चांगलं असेल, तरच धाराऊच्या गावचं म्हणवून घेण्याला अर्थ आहे. हेच या दिंडीलाही लागू आहे. शंभर वर्षं चालले ते आपले आजे-पणजे. चिखलातून, अनवाणी, खांद्यावर शिधा घेऊन. आपण त्यांच्या चालण्याचे वारस आहोत. पण चाललेल्या वाटेचा वारसा फक्त चालणाऱ्यालाच मिळतो.

आता दोन शंका येतात. त्यांचं उत्तर दिल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

पहिली शंका: अहंकार सोडायचा म्हणजे कुणीही येऊन तुडवावं आणि आपण गप्प बसावं काय? नाही, मंडळी. अहंकार वेगळा आणि स्वाभिमान वेगळा. 'मी तुझ्यापेक्षा मोठा' हा अहंकार. 'मीही माणूसच आहे' हा स्वाभिमान. पहिल्याला उभं राहायला कुणीतरी खाली लागतो, दुसऱ्याला कुणीच खाली लागत नाही.

चोखोबारायांकडं बघा. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना कूस कोसळलं आणि त्याखाली त्यांनी देह ठेवला. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी दिली. चोखोबा इतक्या अधिकाराचे संत, पण देवळाचं दार त्यांना बंदच राहिलं. चोखोबांचं हे दैन्य म्हणजे नम्रता नव्हे. तो दार अडवून उभ्या असलेल्या सोवळ्याचा अहंकार होता. आणि बघा, दार अडवणारे काही वाईट करतोय असं समजत नव्हते. आपण धर्म राखतोय, पावित्र्य जपतोय, असंच त्यांना वाटत होतं. चांगुलपणाच्या अहंकारानं केलेलं पाप याहून मोठं कुठलं? ते दार उघडायला पुढं शतकं लागली. 1947 सालच्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केलं, दहा दिवस, तेव्हा कुठं विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या बांधवांना खुलं झालं.

म्हणून आम्ही स्पष्ट सांगतो: नम्रता ही स्वतःकडून मागायची गोष्ट आहे, दुसऱ्याकडून वसूल करायची नाही. 'सुनेनं लीन असावं', 'गड्यानं मान खाली घालावी', 'अमक्या वस्तीनं पंगतीत मागं बसावं' असं जो शिकवतो, तो नम्रता शिकवत नाही, आपल्या अहंकारासाठी बैठक अंथरतो. दबलेल्याला ताठ उभं राहायला मदत करणं आणि ताठलेल्यानं आपणहून वाकणं, या दोन्हींचं नाव परमार्थच.

दुसरी शंका जरा अवघड आहे. कुणी म्हणतं, फलकावर नाव यावं म्हणून एकानं वारकऱ्यांना जेवण घातलं. असल्या दानाचा उपयोग काय? त्यापेक्षा न दिलेलं बरं. आम्ही म्हणतो, असं बोलू नये. दहा कोस चालून आलेल्या म्हातारीच्या पोटात ती भाकरी गेली, तिची भूक शमली. भाकरीला देणाऱ्याच्या मनाची चव लागत नाही. कर्माची दोन फळं असतात, एक बाहेरचं आणि एक आतलं. बाहेरचं फळ जेवणाऱ्याला मिळालं, ते शंभर टक्के खरं आहे. आतलं फळ, म्हणजे मनाची शुद्धी, ते मात्र नावाच्या फलकाएवढंच राहिलं, उन्हापावसात रंग उडाला की संपलं. तोटा झाला तो देणाऱ्याचा. म्हणून त्याची कीव करा, पण त्याची पंगत मोडू नका.

आणि 'अहंकार येईल म्हणून मी काही करतच नाही' असं म्हणणाराही फसलेलाच आहे. ती अहंकाराचीच युक्ती आहे, आळसाला तत्त्वज्ञानाचं उपरणं पांघरलेलं. तण येतं म्हणून कुणी भात लावायचं सोडतं का? लावायचं आणि बेणायचं. दर वर्षी लावायचं, दर वर्षी बेणायचं. एकदा बेणून कायमचं तण गेलं, असं खाचर आम्ही तरी पाहिलेलं नाही. आणखी एक तण तर फारच चिवट आहे: 'माझ्याइतका नम्र कुणी नाही.' चारचौघांत वाकताना एक डोळा बघणाऱ्यांवर असला, तर कंबर वाकते, माणूस वाकत नाही.

मग बेणणी करायची कशी? आपल्या संतांनी त्यासाठी पोथ्या लिहिल्याच, पण त्याहून शहाणपणाचं एक काम केलं. त्यांनी बेणणी वारीच्या रीतीतच बसवून ठेवली. आपण रोज ती करतो आणि आपल्या ध्यानातही येत नाही.

वीणा घ्या. सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. पहारा बदलतो, तेव्हा एकाच्या गळ्यातली वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो. त्यात वय विचारत नाहीत, जात विचारत नाहीत, सातबारा विचारत नाहीत. काही क्षणांपूर्वी जो विणेकरी म्हणून सगळ्यांच्या मध्ये उभा होता, तो वीणा देऊन मागं टाळकऱ्यांत जातो. वीणा चालू राहते, माणसं बदलतात. एवढं एक जरी अंगी बाणलं तरी गावातली निम्मी भांडणं मिटतील.

वारीत एकमेकांना हाक कशी मारतो? माउली! पाणी देणारा माउली, पाणी पिणारा माउली, वाहतूक आवरणारा पोलीसही माउली. गावात ज्याच्या नावामागं चार पदव्या लागतात, तो दिवेघाटात इतरांसारखाच घामाघूम माउली होतो. बुक्का सगळ्यांच्या कपाळी सारखाच काळा. उद्या काला आहे. काल्यात कुणाच्या घरची लाही आणि कुणाच्या घरचं दही, हे ओळखायला येत नाही, म्हणून तर त्याला काला म्हणायचं.

आणि पायरी! पंढरीच्या महाद्वारात नामदेवरायांनी कुठली जागा मागितली? गाभाऱ्यातली नव्हे, पायरीची. येणाऱ्या प्रत्येक भक्ताची पायधूळ आपल्यावर पडावी म्हणून. आळंदीच्या महाद्वारातही हैबतबाबांची पायरी आहे. हैबतबाबा आरफळकर कोण होते? शिंद्यांच्या दरबारी सरदार. माउलींच्या पालखीचा आजचा सोहळा त्यांनी उभा केला, दिंड्या लावल्या, शिस्त बांधली. एवढं केल्यावर माणूस कळसावर नाव मागेल. हा सरदार पायरीशी राहिला.

जवळच्या काळातले गाडगेबाबा घ्या. पंढरपुरात, आळंदीत, देहूत धर्मशाळा उभ्या केल्या. हाती खराटा आणि डोक्यावर फुटकं गाडगं. गावात शिरले की आधी झाडायला लागायचे आणि रात्री कीर्तन करायचे. कुणाला पाया पडू द्यायचे नाहीत. ते 20 डिसेंबर 1956 रोजी गेले. आज त्यांच्या नावानं विद्यापीठ आहे. नाव नको म्हणणाऱ्याचं नाव राहिलं, आणि नावासाठी भांडणाऱ्यांची नावं फलकाबरोबर भंगारात गेली.

माउलींनो, शेवटची गोष्ट आपल्या दिंडीची. दिंडी पैशावाचून मोडत नाही, शिध्यावाचून मोडत नाही. पूर्वी दोन्ही नव्हतं, तरी दिंड्या चालल्या. दिंडी मोडते ती 'मी'नं. पुढं कोण चालायचं, चाल कुणी सांगायची, हिशेब कुणाकडं, सत्काराचा नारळ आधी कुणाला, यावरून एका दिंडीच्या दोन होतात, आणि दोन्हीकडची माणसं चांगलीच असतात. वाईट माणसांनी दिंडी फोडल्याचं फारसं ऐकू येत नाही, कारण वाईट माणसं दिंडीत येतच नाहीत. फोडतात ती चांगली माणसं, आपल्या चांगुलपणाच्या हिशेबापायी. कापूरहोळ आता हमरस्त्यावरचं गाव आहे, रस्ता रुंद झाला, जमिनीला भाव आला, घरं मोठी झाली. घरं मोठी झाली याचा आनंदच आहे. उंबरे तेवढे मोठे होऊ देऊ नका.

म्हणून घरी जाताना तीन प्रश्न सोबत न्या. रात्री अंथरुणावर पडल्यावर स्वतःलाच विचारा, दुसऱ्याला विचारायचे नाहीत. एक: आपण केलेल्या कामाचं श्रेय दुसऱ्याला मिळालं, तर पुढच्या वर्षी आपण तेच काम तेवढ्याच मनानं करू का? दोन: कुणी बघत नसताना, फोटो निघत नसताना, आपण ते काम करतो का? तीन: वयानं, पैशानं, मानानं लहान असलेल्या कुणी आपली चूक दाखवली, तर वाघावरून उतरायची तयारी आहे का? तिन्हींचं उत्तर 'हो' आलं, तर ते कुणाला सांगू नका. 'नाही' आलं, तर घाबरू नका. आषाढी जवळच आहे, वाट लांब आहे, आणि चालता चालता पुष्कळ काही गळून पडतं.

या शंभर वर्षांत ज्यांनी पहाटे उठून भाकरी थापल्या, पालं ठोकली, पाण्याचे हंडे वाहिले, आजारी वारकऱ्याचे पाय चेपले आणि ज्यांचं नाव कुठल्याच पत्रिकेत कधी छापलं गेलं नाही, त्या सर्वांच्या पायांवर आम्ही मस्तक ठेवतो. ही दिंडी त्यांच्या जिवावर चालली. पुढची शंभर वर्षंही त्यांच्यासारख्यांच्याच जिवावर चालेल.

आता सगळ्यांनी उभं राहावं. शेजारच्याच्या पाया पडावं. ज्याच्याशी बोलणं नाही तो जवळ उभा असेल, तर त्याच्या आधी पडावं. आणि मग पसायदान म्हणू.

रामकृष्ण हरी!